मॅरिटल आर्ट्स, पहिला वर्ग मोफत

३ मार्च, सोमवार

आज वर्गाला कोणीच आलं नाही. तरी मी पूर्ण तास घेतला. वाकून अभिवादन केलं, हातपाय मोकळे करून घेतले, मोठ्याने आकडे म्हटले आणि शेवटी "छान, आज सगळ्यांनी चांगली मेहनत घेतली" असंही म्हणालो. सवय मोडता कामा नये.

नदीपलीकडे पोहण्याचा तलाव झाल्यापासून मुलं तिकडे जातात. पाण्यात पडायला शिस्त लागत नाही, कराटेला लागते. आमच्या हॉलच्या खाली टायरचं दुकान आहे. दुकानाच्या आणि हॉलच्याही मालकीण टायरवाल्या काकू. त्या जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "मास्तर, वर हल्ली फार शांत वाटतं. महिनाअखेरपर्यंत बघते, नाहीतर मला टायर ठेवायला जागा लागणार आहे."

मी म्हणालो, "काकू, ही वादळापूर्वीची शांतता आहे."

त्या म्हणाल्या, "मग खिडक्या लावून घ्या."

घरीही शांतता आहे. ही गेल्या आठवड्यात मोठ्या बहिणीकडे राहायला गेली. बहिणीचा गुडघा दुखतो. दोन मोठ्या बॅगा आणि इस्त्रीचं टेबल घेऊन गेली, म्हणजे गुडघा बराच दुखत असावा. निघताना दारात उभी राहून खूप वेळ काहीतरी सांगत होती. मी तेव्हा एका पायावर उभा राहून श्वास मोजत होतो. मध्येच थांबलं की पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं, म्हणून नुसती मान हलवली. तिचं समाधान झालेलं दिसलं, कारण त्यानंतर ती काही बोलली नाही.

५ मार्च, बुधवार

आज डोकं चाललं. मुलं जात असतील तर जावोत, मी मोठ्यांचा वर्ग काढणार. सोमवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी. पत्रक इंग्रजीत काढायचं ठरवलं, कारण इंग्रजी पत्रक लोक लगेच फेकत नाहीत, निदान खिशात तरी ठेवतात.

मजकूर मीच लिहिला. वर मोठ्या अक्षरांत मार्शल आर्ट्स. खाली, फक्त प्रौढांसाठी, घरात आणि घराबाहेर स्वतःचा बचाव करायला शिका, तेवीस वर्षांचा अनुभव, जोडीने आलात तर उत्तम, पहिला वर्ग मोफत. जोडीने अशासाठी की सरावाला समोर कोणीतरी लागतंच.

एरवी माझं इंग्रजी ही तपासते. ती औषधांच्या दुकानात काम करते. तिथे एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर खोकल्याच्या माणसाला हृदयाची गोळी जाईल, त्यामुळे तिला प्रत्येक शब्द वेचून बघायची सवय आहे. हॉलच्या दारावरची पाटी मी तिला न विचारता लावली होती. 'फक्त अनवाणी पायांनी आत या' असं लिहायचं होतं. ती पाटी वाचून म्हणाली, "इथे लिहिलंय, फक्त अस्वलाच्या पायांना प्रवेश." अनवाणीच्या 'बेअर'मध्ये ए आधी येतो म्हणे, आणि मी ई आधी घातला होता. पाटी मी बदलली नाही. आजवर सगळे चपला काढूनच आत आले आहेत.

पत्रक दाखवायला तिला दोनदा फोन केला. उचलला नाही. बहिणीला मालिश करत असेल. शेवटी तसंच छापायला दिलं. छापखानेवाल्याला म्हटलं, एकदा वाचून बघा. तो म्हणाला, "शब्द तुमचे, शाई आमची."

९ मार्च, रविवार

दोन-तीन दिवस पत्रकं वाटली. बसस्टॉप, बँक, दाताचा दवाखाना, चौकातली सगळी दुकानं. हिच्या दुकानातही एक गठ्ठा ठेवून आलो. ही आत गोदामात होती, काउंटरवरच्या माणसाने ठेवून घेतला. त्याने पत्रक वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा वाचलं. छाप पडतेय.

भाजी बाजारात हिची बहीण दिसली. दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या, आणि सुटलेल्या बसमागे चांगली पळत होती. बस पकडलीही. हिच्या सेवेला फळ आलं म्हणायचं. तरी ही परत आलेली नाही. गुडघा पुन्हा उलटू नये म्हणून थांबली असणार. ती मुळातच काळजी घेणारी.

१० मार्च, सोमवार

तीन जोडपी आली.

पहिले आले चौकात घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी आणि त्यांची बायको, दोघंही सत्तरीतली. मी म्हणालो, "या वयात मोठी हिंमत केलीत."

बाई म्हणाल्या, "यांना सांगा, हिंमत माझी आहे. हे नुसते आलेत."

घड्याळजी म्हणाले, "तिला सांगा, जिन्यात पिशवी मी धरली होती."

दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत. मुलगा घरी होता तेव्हा त्याच्यामार्फत बोलायची. तो नोकरीसाठी दूर गेल्यापासून पंचाईत झाली आहे. आज सगळं माझ्यामार्फत चाललं.

मग बस चालवणारी एक बाई आणि तिचा नवरा. तो इस्पितळाच्या स्वयंपाकघरात आचारी आहे. ती म्हणाली, "सर, हा मागच्या सीटवर बसून ब्रेक मारतो." तो म्हणाला, "आणि ही माझ्या हातच्या प्रत्येक गोष्टीवर आधी मीठ टाकते, मग चव बघते." कराटेशी याचा काय संबंध ते मला कळलं नाही, पण नवीन माणसं आधी थोडी बोलून घेतात.

शेवटी दाताचे डॉक्टर आणि त्यांची बायको. डॉक्टर घरूनच कराटेचा कोरा पांढरा पोशाख घालून आले होते, इस्त्रीची घडी तशीच. बायको वर्तमानपत्राच्या कचेरीत मुद्रितं तपासते. दारावरची पाटी वाचून ती तोंडावर रुमाल धरून थोडा वेळ उभी राहिली, मग चपला काढल्या.

मी प्रस्तावना केली. म्हणालो, "पहिली गोष्ट. समोरचा माणूस आपला शत्रू नाही. त्याच्याशिवाय आपला सराव होत नाही."

घड्याळजींची बायको म्हणाली, "यांना सांगा, नीट ऐका."

"दुसरी गोष्ट. वार आला की लगेच उलटा वार करायचा नाही. आधी श्वास सोडायचा. तिसरी गोष्ट. बहुतेक माणसं रागाने वार करत नाहीत, भीतीने करतात."

आचाऱ्याने पेन काढून तळहातावर लिहून घेतलं. बसवाली त्याच्याकडे बघत राहिली.

मी विचारलं, "तुमच्यावर हल्ला बहुतेक कुठून होतो?"

बसवाली म्हणाली, "मागून." आचारी म्हणाला, "तिच्या आईकडून." घड्याळजी विचार करून म्हणाले, "पेपर वाचत असतो तेव्हा. डावीकडून."

मग पडायचं कसं ते शिकवलं. घड्याळजींची बायको म्हणाली, "ते आम्हाला येतं. पडल्यावर उठायचं कसं ते सांगा." तेही शिकवलं.

तेवीस वर्षांत इतका मन लावून ऐकणारा वर्ग मला मिळाला नव्हता. हिला फोन करून सांगावंसं वाटलं. उचलला नाही.

१४ मार्च, शुक्रवार

आज आणखी जोडपी. कुणीतरी कुणाला तरी सांगितलं म्हणे. एक बाई नवऱ्याला अक्षरशः दंडाला धरून घेऊन आली. पकड उत्तम होती, मी तसं सांगितलं.

वार अडवायचा सराव घेतला. घड्याळजी एका पायावर उभे असताना डुगडुगायला लागले. त्यांची बायको एकदम बोलली, "अहो, पाय खाली ठेवा."

मला नाही, थेट त्यांना. घड्याळजींनी पाय खाली ठेवला. तिच्याकडे बघून म्हणाले, "ठेवला."

बसवालीने टाळी वाजवली, डॉक्टरांच्या बायकोने चष्मा पुसला. मी सगळ्यांना सांगितलं की दोन पायांत खांद्याइतकं अंतर असलं की असा तोल जात नाही. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

वर्ग सुटल्यावर बसवाली थांबली. म्हणाली, "सर, हातापायांचं छान चाललंय. पण लग्नाचं कधी सुरू करणार?"

"कोणाच्या लग्नाचं?"

तिने पर्समधून पत्रक काढून पुढे धरलं. मी वाचलं. पुन्हा वाचलं. नेहमी वाचतो तसंच दिसलं. मग तिने एका अक्षरावर बोट ठेवलं. मार्शलमध्ये टी आधी आणि आय नंतर. मी आय आधी घातला होता. तेवढ्याने ते मॅरिटल झालं होतं. म्हणजे लग्नाचं, नवरा-बायकोचं. वर मोठ्या अक्षरांत वैवाहिक कला, फक्त प्रौढांसाठी, तेवीस वर्षांचा अनुभव, आणि खाली माझं नाव.

मी तिला म्हणालो, "पुढच्या वेळी."

१५ मार्च, शनिवार

खरं सांगितलं तर सगळे निघून जातील आणि हॉलमध्ये टायर येतील. नाही सांगितलं तर मी लबाड ठरतो, आणि लबाडी मी कधी केलेली नाही. तरी दुसरी बाजूही बघितली पाहिजे. लग्नाबद्दल शिकवायला मी अगदीच नालायक आहे असंही नाही. आमचा संसार उत्तम चाललाय. आमची कधी भांडणं होत नाहीत. गेली दोन-तीन वर्षं तर हिने माझ्याशी साधा वादही घातलेला नाही. मी बोलतो, ती ऐकते किंवा दुसऱ्या खोलीत जाते.

शिवाय माझी नजर तयार आहे. समोरचा काय करणार ते मला त्याच्या खांद्यावरून आधीच कळतं.

तरीही सांगणार. सोमवारी.

१७ मार्च, सोमवार

सांगितलं. सगळ्यांना बसवून म्हणालो, "माझ्या इंग्रजीत घोटाळा झाला. मी कराटे शिकवतो. लग्नातलं मला फारसं काही शिकवता येत नाही. ज्यांना जायचंय त्यांनी जावं."

कोणी उठलं नाही. आचारी म्हणाला, "मग आतापर्यंत जे शिकवलंत ते काय होतं?"

"कराटे."

"अच्छा. आमच्या घरी लागू पडतंय ते."

डॉक्टर गोंधळले होते. "म्हणजे हे सगळे कशासाठी आले होते? मी तर कराटेसाठीच आलो."

त्यांची बायको म्हणाली, "पत्रक वाचलं तेव्हाच चूक माझ्या लक्षात आली. माझं कामच आहे ते. लग्नाबद्दल कुणाशी तरी बोलू या म्हटलं असतं तर तू आला असतास का? म्हणून सांगितलं, कराटे आहे, चल."

डॉक्टरांनी पोशाखाचा पट्टा सोडून पुन्हा बांधला. ती म्हणाली, "दिवसभर लोक याच्यासमोर आ करून बसलेले असतात. समोरचा उलट बोलू शकतो हे हा विसरूनच गेलाय."

मग तिने सहज विचारलं, "सर, तुमच्या मिसेस नाही येत इकडे?"

मी गुडघ्याचं सांगितलं.

घड्याळजींची बायको म्हणाली, "कपडे किती नेलेत?"

"दोन बॅगा. आणि इस्त्रीचं टेबल."

"थंडीचे कपडे?"

"तेही."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी आचारी हळूच म्हणाला, "सर, त्या गेल्यात."

"हो, बहिणीकडे."

"तसं नाही सर. गेल्यात."

त्यानंतर मी वर्ग घेतला. काय घेतलं ते आठवत नाही.

१८ मार्च, मंगळवार

हिच्या बहिणीला फोन केला. विचारलं, "गुडघा कसा आहे?"

"कुणाचा?"

मग तीच म्हणाली, "तिने निघताना दारात उभं राहून तुला सगळं सांगितलं ना? तू मान हलवलीस म्हणे."

"काय सांगितलं होतं?"

"ते तिलाच विचार," म्हणाली आणि फोन ठेवला. गुडघ्याचं ही नेमकं कधी बोलली होती ते मी आठवून बघितलं. मागच्या थंडीत. एकदाच. आणि तोही हिचा स्वतःचा होता बहुतेक.

घरभर फिरलो. तिच्या बाजूचं कपाट रिकामं आहे. ते रिकामं असल्याचं मी आजवर बघितलंच नव्हतं. हे मी लिहून ठेवतोय, कारण परवाच माझ्या तयार नजरेबद्दल लिहिलंय.

१९ मार्च, बुधवार

हिला निरोप पाठवला. मराठीत लिहायला बसलो, पण असली वाक्यं मराठीत लिहिली की वाटतं कोणीतरी दुसराच बोलतोय आणि मागे पेटी वाजतेय. इंग्रजीत लाज वाटत नाही. दोनच वाक्यं लिहिली. घर फार शांत आहे. मला तुला गमवायचं नाही. शब्द सोपे होते, त्यामुळे या वेळी चूक व्हायचं कारण नव्हतं.

संध्याकाळी तिचं उत्तर आलं, मराठीत. "मी काही बांधलेली नाही."

पुष्कळ विचार केला. काही उलगडा होत नाही.

२१ मार्च, शुक्रवार

वर्गाआधी डॉक्टरांच्या बायकोला फोन दाखवला. मला वाटलं ती एकटीच बघेल. सगळे भोवती गोळा झाले.

तिने वाचलं आणि डोळे मिटले. म्हणाली, "सर, गमावणं या अर्थाच्या 'लूज'मध्ये ओ एकच असतो. तुम्ही दोन घातलेत. दोन ओ म्हणजे सैल, मोकळं. तुम्ही लिहिलंय, मला तुला मोकळं सोडायचं नाही."

घड्याळजींची बायको म्हणाली, "अरे देवा."

"आणि पहिलं वाक्य?" मी विचारलं.

"शांत म्हणजे 'क्वाएट'. तुमच्या हातून शेवटची दोन अक्षरं उलटसुलट झालीत. ते 'क्वाइट' झालं, म्हणजे अगदी. घर फार अगदी आहे, असं वाक्य झालंय. अगदी काय, ते तुम्ही लिहिलेलं नाही."

घड्याळजी म्हणाले, "एवढीशी अक्षरं. माझ्याकडे भिंग आहे, हवं तर घेऊन जा."

डॉक्टर म्हणाले, "दुसरा निरोप पाठवा. आधीचं चुकलं म्हणून." त्यांची बायको म्हणाली, "आता काही पाठवू नका. जाऊन बोला. मराठीत बोला. बोलताना स्पेलिंग लागत नाही."

बसवाली म्हणाली, "माझी बस मिसेसच्या औषधांच्या दुकानासमोर थांबते. उद्या सकाळी चढा. हा मागे बसून ब्रेक मारणार नसेल तर लवकर पोचू."

आचारी म्हणाला, "मारणार नाही." आणि मग बायकोकडे बघून, "प्रयत्न करतो."

२२ मार्च, शनिवार

गेलो. दुकानात गर्दी होती. ही पांढरा कोट घालून काउंटरमागे उभी. मी थेट पुढे गेलो तर मान वर न करता म्हणाली, "रांगेतून या." रांगेत उभा राहिलो. माझ्यामागे एक खोकणारा गृहस्थ होता.

माझी पाळी आली. पाठ केलेलं सगळं विसरलो. तिच्या कोटावर नवा बिल्ला दिसला, दुकानप्रमुख.

"हे कधी झालं?"

"जानेवारीत. तुला तीनदा सांगितलं."

"मग मी काय म्हणालो?"

"पहिल्यांदा म्हणालास, सात, आठ. दुसऱ्यांदा म्हणालास, कंबर सरळ ठेव. तिसऱ्यांदा मी जेवताना सांगितलं, तेव्हा मीठ मागितलंस."

मला त्या बिल्ल्याकडे बघवेना. म्हणालो, "तो निरोप... त्यात एक ओ जास्त पडला."

"ते मला लगेच कळलं. एकवीस वर्षं तुझं इंग्रजी वाचतेय मी."

"मग तसं उत्तर का दिलंस?"

तिने एका गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख बघितली, पाकीट बाजूला ठेवलं. "कारण चुकून का होईना, पण जे लिहिलं होतंस तेच मला खरं वाटलं."

मागचा गृहस्थ खोकायचा थांबला. मी म्हणालो, "घरात तू नाहीस. मला करमत नाही. मला उशिरा कळलं." एवढंच. हे मराठीत बोलताना पेटी वगैरे काही ऐकू आली नाही.

खालचा खण उघडून तिने माझं पत्रक काढलं आणि काउंटरवर ठेवलं. "आणि हे काय आहे? वैवाहिक कला, तेवीस वर्षांचा अनुभव. आपल्या लग्नाला एकवीस झाली. आधीची दोन कुणाबरोबर?"

मी टी आणि आयचा घोटाळा सांगितला. जोडप्यांचं सांगितलं. घड्याळजी, "यांना सांगा", डॉक्टरांचा पोशाख, सगळं. ती ओठ दाबून ऐकत होती. मग एकदम हसायला लागली. स्टूल ओढून खाली बसली. डोळ्यांतून पाणी आलं. खोकणारा गृहस्थही हसला आणि त्याला पुन्हा ढास लागली. तिने आधी त्याला औषध दिलं.

मग मला म्हणाली, "पहिला वर्ग मोफत आहे ना?"

२८ मार्च, शुक्रवार

ती आली. तिला शेवटच्या ओळीत उभं राहायचं होतं, पण घड्याळजींच्या बायकोने हाताला धरून पुढे आणलं. आठवडाभर विचार करून मी एक नवा सराव ठरवला होता. हातपाय वापरायचे नाहीत. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं. ऐकणाऱ्याने उत्तर द्यायच्या आधी, समोरचा काय म्हणाला ते त्याच शब्दांत परत सांगायचं. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

डॉक्टर पहिल्याच वाक्याला अडकले. त्यांची बायको म्हणाली होती, "तू मला मध्येच तोडतोस." त्यांनी परत सांगितलं, "तुला वाटतं की मी तुला..." ती म्हणाली, "वाटतं असं मी म्हणालेच नाही." पुन्हा पहिल्यापासून. बिचाऱ्यांना घाम फुटला. घाम फुटेल असा हा पहिलाच सराव त्यांनी केला असेल.

जोड्या लागल्या, हिला जोडीदार नव्हता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तिच्यासमोर उभा राहिलो.

म्हणालो, "त्या दिवशी दारात जे म्हणाली होतीस, ते सांग."

तिने सांगितलं. ती म्हणाली होती, "मी तुझ्यावर रागावलेली नाही. रागावायला समोर कोणीतरी असावं लागतं. मी बहिणीकडे चाललेय. तू थांब म्हणालास तर थांबेन."

आणि मी मान हलवली होती.

मी परत सांगायला गेलो. "तू माझ्यावर रागावलेली नाहीस, आणि..."

"'आणि' मी म्हटलं नव्हतं. पुन्हा."

दुसऱ्या वेळी "समोर कोणीतरी"वर अडलो. हॉलमध्ये कोणी सराव करत नव्हतं, सगळे आमच्याकडेच बघत होते. मी शिक्षक म्हणून त्यांना ओरडायला हवं होतं. तिसऱ्या वेळी मी शेवटपर्यंत गेलो.

ती म्हणाली, "बरोबर."

मग मी म्हणालो, "थांब."

ती म्हणाली, "आज नको. ताई जेवायला थांबलीय." चपला घातल्या आणि गेली. पण जिन्यात उभी राहून तिने पुढचा वर्ग किती वाजता ते विचारलं.

३१ मार्च, सोमवार

टायरवाल्या काकू वर आल्या. दारात उभ्या राहून वर्ग बघितला. घड्याळजी आणि त्यांची बायको कोपऱ्यात कशावरून तरी जोरजोरात भांडत होती, थेट एकमेकांशी, मध्ये कोणीही नाही. दोघांचे चेहरे खुलले होते.

काकूंनी मला बाजूला घेतलं. "टायरचं मी बघते कुठेतरी. मला एक सांगा. आमचे हे खाली दुकानातच असतात, पण वर या म्हटलं तर येणार नाहीत. त्यांना आणायचं कसं?"

डॉक्टरांच्या बायकोकडे बोट दाखवून म्हणालो, "त्या बाईंना विचारा. त्यांचा अनुभव चांगला आहे."

६ एप्रिल, रविवार

ही दुपारी आली. एक बॅग घेऊन. दुसरी अजून ताईकडेच आहे. मी काही विचारलं नाही. तिने बॅग पलंगाखाली सरकवली, कपाटात कपडे लावले नाहीत. तेही मी बघितलं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी बटाटे परतायला टाकले आणि ती स्टुलावर बसून दुकानाबद्दल सांगायला लागली. नवं गोदाम, रात्रपाळीचा माणूस जो येतच नाही, कंपनीवाले, एक आजोबा जे रोज येऊन फक्त वजन करून जातात. मी तिच्यासमोर बसलो. श्वास मोजला नाही. एकही शब्द सुटू दिला नाही. ती मध्ये एकदा थांबून माझ्याकडे विचित्र नजरेने बघायला लागली, पण मी हललो नाही.

बोलून झाल्यावर ती म्हणाली, "सांग बघू, काय काय म्हणाले?"

मी सगळं सांगितलं. गोदामापासून आजोबांपर्यंत, त्याच क्रमाने, रात्रपाळीच्या माणसाने दिलेल्या सबबींसकट.

"एक राहिलं," ती म्हणाली.

"काय?"

"मध्ये मी दोनदा म्हणाले, बटाटे जळतायत, गॅस बंद कर."

खरंच म्हणाली होती. मला शब्दन् शब्द आठवत होता.

कढईत खाली सगळं काळं झालं होतं. वरचे वरचे बटाटे तिने काढून दोन ताटांत घेतले. आम्ही तेच खाल्ले. कडू लागत होते. तिने आणखी मागून घेतले.